चाळीस फुटी औषधी शब्दकोश

रघूने जुलाबावरची क्षारांची पुडी लिटरभर माडीत विरघळवून प्यायली, तिथून कोपरखारातल्या या प्रकरणाला तोंड फुटलं.

रघूचं म्हणणं, यात माझा काय गुन्हा? कुंपणावरून पुडी देताना दत्तात्रेय म्हात्रेंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "लिटरभर द्रवात विरघळव आणि दिवसभरात थोडं थोडं घे." रघूच्या घरात त्या सकाळी लिटरभर भरेल असा द्रव एकच होता, माडाची दारू. त्याने सांगितल्याबरहुकूम केलं. संध्याकाळी तो एका हाताने माडाला धरून पुन्हा कुंपणापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, गुन आला. आनखी सहा पुड्या द्या. पावने आलेत."

दत्तात्रेयांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रघू पडेल-झडेल याची चिंता नव्हती. रघू माडावरून दोनदा पडलेला आहे आणि दोन्ही वेळा माडाचंच नुकसान झालं. चिंता होती ती आपल्या शब्दांची. चौतीस वर्षं आपण लोकांना सांगितलं ते असंच पोचलं असेल काय? 'उपाशीपोटी' म्हटलं तेव्हा लोकांनी चहा-बटर घेऊनच गोळी घेतली असेल. 'बाहेरून लावा' म्हटलं तेव्हा मलम घराच्या भिंतीला लावलं असेल.

चौतीस वर्षं ते सरकारी दवाखान्यात औषध निर्माता होते. गावच्या भाषेत कंपाउंडर. तो दवाखाना बांधणाऱ्या कंत्राटदाराने औषधाची खिडकी इतकी खाली बसवली होती की बाहेरच्याला आतल्या माणसाचं दर्शन फक्त कोपरापर्यंत व्हायचं. पंचक्रोशीच्या तीन पिढ्यांनी दत्तात्रेयांकडून गोळ्या घेतल्या, पण चेहरा पाहिला तो चौघा-पाचांनी. लग्नकार्यात लोक त्यांना "आपण मुलीकडचे की मुलाकडचे?" असं विचारत. मग पंगतीत त्यांनी मिठासाठी हात पुढे केला की समोरची म्हातारी ओरडायची, "अगो बाय! हा तं आपला खिडकीवाला!" खोटं वाटेल, पण नागावच्या बाजारात एका माणसाने त्यांचा तळहात पाहून नमस्कार केला होता, आणि मग मान वर करून, "तुम्ही कोण?" असंही विचारलं होतं.

तेव्हा दत्तात्रेयांच्या मनात एकच इच्छा उरली होती. आपलं नाव, आडनावासकट, कुठेतरी ठळक लिहिलेलं असावं. आणि ते आपण हयात असताना असावं.

योग असा की गावात आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत उभी राहिली होती. उद्घाटन पंधरा दिवसांवर होतं आणि पुढची चाळीस फुटी कुंपणभिंत पांढरी फटक होती. सरपंच जागृती ही वयाने त्यांच्या मुलीसारखी. दत्तात्रेयांनी तिला सांगितलं की या भिंतीवर औषधपाण्याच्या शब्दांच्या व्याख्या लिहाव्यात, सोप्या मराठीत.

"चालेल ना काका," जागृती म्हणाली. "काही तरी लिहायचं आहेच. 'झाडे लावा' तीन भिंतींवर झालं, आणि तिन्ही भिंती झाडं तोडून बांधल्यात. तुमच्या व्याख्या घेऊ. आणि खाली तुमचं नाव. मोठं."

"साधारण किती मोठं?" दत्तात्रेयांनी शक्य तितक्या निर्विकारपणे विचारलं.

जागृतीने दोन हातांनी माप दाखवलं. चांगलं मोठं पापलेट बसलं असतं.

त्या दिवसापासून दत्तात्रेय पडवीत टेबल टाकून बसले. पहिली व्याख्या तयार झाली ती त्यांनी बायकोला वाचून दाखवली. मैनाबाई अंगणात विळीवर तिसऱ्यांचे शिंपले फोडत होती.

"अतिरक्तदाब," दत्तात्रेय खणखणीत आवाजात म्हणाले. "धमन्यांच्या भित्तिकांवरील रुधिराच्या पार्श्वीय दाबाची प्रमाणाधिक अवस्था."

"कोनाच्या लग्नाची मंगलाष्टकं ही?" मैना म्हणाली.

"व्याख्या आहे."

"आसल. पन मना समजली न्हाय, तं रघूला काय समजंल? तुमाला सांगू? उदाहरन द्या. आपल्याच गावातलं. आपल्याकरं उदाहरन दिल्याबिगर कोनाला काय पटत न्हाय. आनि सकालची गोली घेतली का?"

"घेतो," दत्तात्रेय म्हणाले आणि वहीचं पान फाडलं.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. उदाहरणाची कल्पना मैनाची होती. पुढे जे झालं त्यामुळे ती ही गोष्ट आजही साफ नाकारते, म्हणून आत्ताच नोंद.

आठ दिवसांत एकतीस व्याख्या झाल्या. काहींना उदाहरण नाही, काहींना दोन-तीन, मिळून नावंही एकतीसच. माणसाची लेखणी सुटली की काय होतं बघा. अतिसार : आत गेलेले मुक्कामाला न थांबता पुढच्या गाडीने निघून जाणे. अशा वेळी क्षारांची पुडी पाण्यात घ्यावी. पाणी म्हणजे विहिरीचे किंवा नळाचे, उकळून. उदा. रघू. जेनेरिक औषध : तेच औषध, बारसे निराळे. उपाशीपोटी : चहा हेही अन्नच. चहाबरोबरचे बटर हेही अन्नच. प्रतिजैविक : पाच दिवसांचे दिले तर पाच दिवस घेण्याचे औषध, तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी जंतूंना तसे कळवू नये. ॲलर्जी : सगळ्या गावाला चालणारी गोष्ट एकालाच न चालणे. उदा. मनुबाई, कोळंबी. आणि दत्तात्रेयांना स्वतःला सगळ्यात आवडलेली : तीव्र आजार, म्हणजे पाहुण्यासारखा येतो, गोंधळ घालतो, जातो. जुनाट आजार, म्हणजे घरजावयासारखा राहतो.

लोकांची नावं अशी चव्हाट्यावर आणावीत का, हा प्रश्न दत्तात्रेयांना पडला नाही असं नाही. पण कोपरखारात गोपनीयता असते ती फक्त निवडणुकीच्या मताला, आणि तीही दुपारी दोनपर्यंत. कोणाला काय होतं हे सगळ्यांना माहीतच असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. फक्त त्याची व्याख्या माहीत नव्हती.

भिंत रंगवायला अल्पेश आला. अल्पेश मुळात होड्या रंगवणारा. होड्या नसल्या की होमस्टेच्या पाट्या. त्याने डबे उघडले तेव्हा वास येऊन दत्तात्रेयांनी विचारलं, "हा कसला रंग?"

"होडीचा. ऑइलपेंट. समुद्रात टिकतो, काका. भिंतीचं काय घेऊन बसलात!"

अल्पेशचं अक्षर मोत्यासारखं, पण हाताला सवयी पडलेल्या. प्रत्येक व्याख्येच्या दोन्ही बाजूंना त्याने एकेक मासा काढला. अतिसाराखाली हात थांबेना म्हणून 'घरगुती जेवणाची उत्तम सोय' असं लिहून टाकलं. आणि वाफाऱ्याखाली 'संपर्क' म्हणून दत्तात्रेयांचा मोबाइल नंबर. दत्तात्रेयांनी आरडाओरडा केल्यावर त्याने जेवणाच्या सोयीवर तिसरा मासा काढला, पण नंबर तसाच राहून गेला. शनिवारी सकाळी पुण्याहून आलेल्या एका बाईंचा फोन आला. "बोर्ड बघितला तुमचा. वाफारा म्हणजे स्टीम बाथच ना? दोघांचं काय घेता? आणि समुद्र दिसतो का आतून?"

"दिसत नाही," दत्तात्रेय म्हणाले. "डोक्यावरून चादर घ्यायची असते."

"वा! अगदी पारंपरिक!" बाई म्हणाल्या आणि दुपारी नवऱ्याला घेऊन दारात हजर झाल्या. मैनाने त्यांना पातेल्यात निलगिरीचे दोन थेंब टाकून वाफारा दिला, वर तिसऱ्यांचं कालवण वाढलं. जाताना नवऱ्याचं चोंदलेलं नाक मोकळं झालेलं होतं. तो भाग वेगळा.

पण खरा तमाशा झाला तो भिंत पूर्ण झाल्यावर. संध्याकाळी अख्खं गाव वाचायला लोटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना नातवंडांनी वाचून दाखवलं, आणि नातवंडं अशा कामात पदरची भर घालतात.

पहिली आली मनुबाई. तिने कंबरेवर हात ठेवले. "दत्ता! चालीस वर्सांचा माजा उपास तू एका ओलीत मोडलास!"

झालं होतं असं. मनुबाई लग्न होऊन या गावात आली आणि पहिल्याच आठवड्यात कोळंबी खाऊन तिचं तोंड नारळाएवढं सुजलं. आगरी घरात सुनेला कोळंबी चालत नाही म्हणजे जवळजवळ नाव ठेवण्यासारखी गोष्ट. तिने युक्ती केली. कोळंबी शिजली की तिचा नेमका उपास निघायचा. सोमवारचा, संकष्टीचा, कधी कुठल्या तरी अनोळखी देवाचा. हळूहळू तिची ख्याती अशी झाली की बायका तिच्या पाया पडत. हे गुपित ठाऊक होतं ते तिला, देवाला आणि खिडकीतल्या हाताला.

दत्तात्रेय चाचरत म्हणाले, "मनुबाई, उदाहरण म्हणून..."

"उदाहरन तुज्या घरान न्हाय का? मैनाला काय होत न्हाय?"

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि कोंडाजी आले. कोंडाजी गावचे पहिले मानकरी. होळीचा पहिला नारळ त्यांचा, पालखीचा पहिला खांदा त्यांचा. त्यांच्यामागे त्यांचा जावई विनेश. गावात घरजावई एकच. व्याख्येत त्याचं नाव नव्हतं, पण नाव घालायची गरज कुठे होती?

"माज्या जावयाला तू आजार बोललास?" कोंडाजींनी विचारलं.

दत्तात्रेयांनी उत्तर शोधेपर्यंत विनेशच पुढे आला. "जुनाट म्हणजे जात नाही तो, ना काका? लिहून ठेवलंत बरं झालं. हे मामा दर गणपतीला मला घरातून काढतो काढतो बोलतात." त्याचा चेहरा खरोखर उजळला होता.

कोंडाजींनी जावयाला हाताने बाजूला सारलं. "त्या गोष्टी घरान बघू. मी आलोय मोठ्या कामाला. माजा हर्निया कुठं हाय?"

कोंडाजींना हर्नियाचा उल्लेख झाल्याचं दुःख असेल असं दत्तात्रेयांना वाटलं. ते तसं नव्हतं. दुःख जागेचं होतं. भिंत रस्त्यापासून सुरू होत होती आणि नव्या शौचालयापाशी संपत होती. रस्त्याच्या तोंडाशी, अगदी दर्शनी, अतिसार. उदा. रघू. आणि शौचालयाच्या दाराला चिकटून हर्निया. उदा. कोंडाजी.

"रघूला गावकीत कितवा मान?" कोंडाजींनी जमावाला विचारलं.

"मना काय मानबीन न्हाय," रघू प्रामाणिकपणे म्हणाला.

"आनि तो रस्त्याला! आनि माजं घरानं संडासाकरं?"

"कोंडाजीशेठ, हा अक्षरक्रम आहे," दत्तात्रेय म्हणाले. "अ आधी येतो, ह शेवटी. सगळीकडे असंच असतं."

"कोनी ठरवला?" कोंडाजी म्हणाले. "गावकीला इचारला होता?"

गावकीला खरोखरच विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात गावकी बसली. वर्णमालेवर इतकी गंभीर चर्चा शाळेतसुद्धा कधी झाली नसेल. एकाने सुचवलं, भिंत पुसून मानाप्रमाणे लिहा. दुसरा म्हणाला, भिंत राहू दे, संडास हलवा. तिसऱ्याने कोंडाजींना अ वरून एखादा आजार निघतो का ते बघायला सांगितलं. दत्तात्रेयांनी अम्लपित्त सुचवलं, पण कोंडाजींना पित्त होत नव्हतं आणि त्यांनी ते खोटं सांगायला नकार दिला. मानकरी झाला तरी माणूस सच्चा.

आणि मग ज्यांची नावं भिंतीवर नव्हती ती मंडळी उठली. त्यांचा राग सगळ्यांत मोठा. बाबाजी हे गावातले सर्वात वडीलधारे, वय इक्याऐंशी, पाचव्या मानाचे. ते काठीशिवाय उभे राहिले.

"माजं नाव कुठं?"

"बाबाजी, तुम्हाला काही आजारच नाही," दत्तात्रेय म्हणाले.

"बघितलास का कधी?"

भर सभेत यंत्र आणून बाबाजींचा रक्तदाब मोजला. वर एकशेवीस, खाली ऐंशी. सभेत हळहळ पसरली. बाबाजींचा चेहरा पडला. "परत बघ. मशीन खराब आसल." परत बघितलं. तेच. गुडघे तपासावेत म्हटलं तर सकाळीच ते माडावर चढून शहाळी उतरवून आले होते. "इक्याऐंशी वर्सं हाय मी या गावान," बाबाजी म्हणाले, "आनि मना येक आजार न्हाय? लोक काय बोलतील?" शेवटी त्यांच्या समाधानासाठी दत्तात्रेयांनी बत्तिसावी व्याख्या जागेवर रचली. सुदृढ : ज्याच्या घरी वैद्यकशास्त्राला काम नाही. उदा. बाबाजी. बाबाजींनी ती मान्य केली, पण आपल्याला गप्प बसवलंय हे त्यांना कळलं होतं.

मानाचा तिढा जागृतीने सोडवला. एका वाक्यात. "पाहुण्यांची गाडी रस्त्याकडून वळत नाही. त्यांना संडासाकडूनच आणू. मग पहिले कोंडाजीशेठ." गावकी उठली.

हे निस्तरतंय तोवर उद्घाटनाच्या दोन दिवस आधी डॉक्टर क्रांती पाहणीला आल्या. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी, वय कमी, चष्मा जाड. त्या शौचालयापासून रस्त्यापर्यंत भिंत वाचत गेल्या. मध्ये दोनदा हसू आलेलं त्यांनी दाबलं. पण रस्त्यावर पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा सरकारी झाला होता.

"म्हात्रे, व्याख्या उत्तम आहेत. पण रुग्णांची नावं? गोपनीयता नावाची काही गोष्ट असते. एकही नाव दिसता कामा नये."

"पण मॅडम, उदाहरणाशिवाय आमच्याकडे..."

"एकही नाही." मग त्यांनी अगदी खालच्या कोपऱ्यात खडूने आखलेली रिकामी चौकट पाहिली. चांगल्या मोठ्या पापलेटाएवढी. "आणि हे काय?"

"ते... माझं," दत्तात्रेय म्हणाले. "संकलक म्हणून."

डॉक्टर क्रांतींनी पिशवीतून एक परिपत्रक काढलं. शासकीय भिंतीवर लेखक, संकलक, देणगीदार, शुभेच्छुक यांपैकी कोणाचंही नाव टाकता येत नव्हतं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण परिपत्रकाला वाईट वाटत नसतं.

दत्तात्रेय घरी आले ते थेट झोपाळ्यावर बसले. चौतीस वर्षं खिडकीमागे, आणि आता भिंत मिळाली तर भिंतीमागे. मैनाने चहा आणला.

"गोली घेतली का?"

"मैना, इथे माणसाचं नाव पुसलं गेलंय."

"लिवलंच कुठं होतं पुसायला? गोली घेतली का?"

"घेतो."

अल्पेशने एकतीस नावांवर चुना फासला. संध्याकाळी भिंत निष्कलंक दिसत होती. सकाळी गाव उठून बघतो तो चुन्याचे पापुद्रे खाली आणि नावं वर. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे होडी रंगवणाऱ्याला ठाऊक नसावं? "ठाऊक होतं ना," अल्पेश म्हणाला. "पण तुम्ही चुना लावायला सांगितलात. मला वाटलं तात्पुरता." पुन्हा लावला, पुन्हा पडला. घासून बघितलं, पत्र्याने खरवडून बघितलं. उलट घासल्याने नावं चमकायला लागली. ज्या रंगाने भर पावसाळ्यात रेवसच्या खाडीशी टक्कर दिली, त्याला मैनाच्या घरचा काथ्या काय करणार?

उद्घाटनाला तीन तास उरले तेव्हा जागृती म्हणाली, "झेंडूच्या माळा लटकवा. प्रत्येक नावावर एक. शोभाही होईल."

आता हे इतकं साधं वाटलं की कुणाच्याही डोक्यात पुढचा विचार आला नाही.

पाहुणे जिल्ह्याहून आले. गाडी शौचालयाशी थांबली, फीत शौचालयाशी बांधलेली. साहजिकच पाहुण्यांनी स्वच्छतागृहाचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं आणि डोळे पुसले. जागृतीने त्यांच्या कानात खरा विषय सांगितला. ते भिंतीकडे वळले. हर्निया : पोटाच्या भिंतीत कमजोर जागा सापडली की आतले बाहेर डोकावते. डॉक्टरांना दाखवावे, कंबरपट्टा आवळून लपवू नये. उदा. आणि पुढे टपोऱ्या झेंडूची माळ.

पाहुण्यांनी चपला काढल्या. हात जोडले. खालच्या आवाजात दत्तात्रेयांना विचारलं, "केव्हा गेले?"

"कोण?"

पाहुण्यांनी माळेकडे मान केली. मग भिंतीभर नजर फिरवली. एकतीस माळा. "अरेरे," ते म्हणाले. "एवढ्याशा गावात?" आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. त्यांच्या मागे सगळे अधिकारी उभे राहिले. ढोल-ताशेवाले थांबले. दत्तात्रेयांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

एक मिनिट कोंडाजींनी सहन केलं. मग ते गर्दीतून उसळले. "मी हाय! मी कुठं गेलो न्हाय! हा माजा हर्निया हाय!" त्यांनी भिंतीवरची माळ उचलली आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातली. खाली नाव लखलखलं. कोंडाजी.

पहिल्या मानकऱ्याने पाऊल टाकल्यावर मागचे थांबतात का? रघू रस्त्याच्या टोकाकडून ओरडला, "जुलाब माजे!" आणि माळ घालून आला. विनेशने नावाविनाच मांडवाच्या खांबावरची एक माळ पटकावली. तीस माणसं भिंतीवरच्या तीस माळा घालून नवरदेवासारखी उभी राहिली. शेवटी मनुबाई पुढे झाली. परवाच एका साखरपुड्यात चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं, आणि पहिल्यांदाच ती पंगतीतून पोटभर जेवून उठली होती. तिने माळ घातली आणि पाहुण्यांना म्हणाली, "कोलंबी मना चालत न्हाय. उपासबिपास काय नव्हता."

बाबाजी तेवढे उघड्या गळ्याने उभे होते. त्यांचं नाव रंगवायला सवडच झाली नव्हती. पाहुण्यांनी सत्कारातला स्वतःचा हार काढून त्यांना घातला तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

सगळे डॉक्टर क्रांतींकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा पुसला. "रुग्णाने स्वतः सांगितलं तर माझी काही हरकत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण लेखी द्या." तिथल्या तिथे बाकावर बसून त्यांनी संमतीपत्राचा मजकूर सांगितला. सह्या आणि अंगठे मिळून बत्तीस झाले. एक जास्तीचं विनेशचं.

समारंभ पांगत होता. दत्तात्रेय आपल्या रिकाम्या खडूच्या चौकटीपाशी उभे होते. जागृतीने ते पाहिलं.

"मॅडम, काकांचं नाव कसंही नाही घालता येणार?"

"लेखकाचं नाही. परिपत्रक आहे." डॉक्टर क्रांतींनी परिपत्रक पुन्हा उघडलं. त्यांच्या चष्म्याआड काहीतरी हललं. "रुग्णाचं येतं. उदाहरण म्हणून. लेखी संमती असेल तर."

गावाच्या माना दत्तात्रेयांकडे वळल्या. तीन पिढ्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पहिल्यांदा.

"काका," जागृती आशेने म्हणाली, "तुम्हाला काही आजार?"

दत्तात्रेय ताठ झाले. माणसाला स्वाभिमान असतो. "मला काहीही नाही."

"काय न्हाय?" बायकांच्या घोळक्यातून मैनाचा आवाज आला. "बीपीची गोली हाय चार वर्सं! रोज सकाली तीनदा इचारते, तीनदा 'घेतो' बोलतात. पाकीट तवापासनं डब्यान हाय, तेच्यावर झुरलं बालंत झालं!"

डॉक्टर क्रांतींनी पिशवीतून दंडाला बांधायचा पट्टा काढला. दत्तात्रेयांचा रक्तदाब भर चौकात मोजला गेला. एकशे अडुसष्ट. बाबाजींनी मत्सराने मान फिरवली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहिली आणि दर आठवड्याला येऊन दाखवायला बजावलं.

"अल्पेश, डबा उघड," मैना म्हणाली. आणि तिने ती व्याख्या तोंडी सांगितली, एक शब्द न अडखळता, जशी काही चार वर्षं तिच्याजवळ तयार होती. डोस चुकणे : गोळी घरात असणे, गोळीचे शहाणपण गावभर असणे, फक्त पोटात गोळी नसणे. उदा. दत्तात्रेय म्हात्रे.

"रुग्णाचा व्यवसाय लिहिता येतो का, मॅडम?" दत्तात्रेयांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नोंदवहीत लिहितोच आपण," डॉक्टर क्रांती म्हणाल्या.

मग अल्पेशने पुढे लिहिलं, 'निवृत्त औषध निर्माता व या भिंतीचे लेखक'. दोन्ही बाजूंना मासे. खालच्या चौकटीत एवढं सगळं मावेना, म्हणून हर्नियाच्याही पलीकडे, शौचालयाच्या दारावर थेट कडीपर्यंत जाऊन लिहावं लागलं. म्हणजे त्या बाजूने आलं तर कोंडाजींच्याही आधी. कोंडाजींनी गळ्यातली माळ चाचपत ते सगळं वाचलं. "बस," ते शेवटी म्हणाले. "येक दिवस तुजा मान. पन संडासाच्या जवल तू हायस, ह्ये ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रेय न बोलावता उठून अंगणातून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. खिडकी जुनी, बसकी, गजांची. आत मैना भाकऱ्या थापत होती. बाहेरून तिचे हात तेवढे दिसत होते. त्यांनी गजांतून तळहात आत केला.

आतून भाकरीचा आवाज थांबला. डबा उघडल्याचा आवाज आला.

"नाव?" मैनाने विचारलं.

"भिंतीवर वाचा," दत्तात्रेय म्हणाले.

तळहातावर गोळी पडली.